स्कूटरला डबल शंख हॉर्न बसवून घेतला, कसा वाजतोय ते सांगते

लातूरला स्कूटरला मोठा हॉर्न बसवायचा असंल तर आधीच सांगून टाकते, हॉर्न कुठल्या कंपनीचा घेताय याला फार किंमत नाही, तो कोण बसवतंय आणि रिले (हॉर्नचा करंट बटणातून न जाता बॅटरीतून थेट जावा म्हणून लावायची छोटी डबी) लावून बसवतंय का याला किंमत आहे. ज्यांना वेळ नाही त्यांनी एवढंच वाचून दुकानात गेलं तरी चालेल, बाकीच्यांसाठी सगळं लिहिते.

माझी गाडी १२५ सीसीची साधी स्कूटर, बीएस सहा, इंजेक्शनवाली. कंपनीचं नाव सोडा, कारण सगळ्या स्कूटरांचा हॉर्न सारखाच, पुढच्या कव्हरच्या आत एक छोटी चकती आणि आवाज 'पीं'. मी पतसंस्थेची पिग्मी गोळा करते. म्हणजे सकाळी दुकानं उघडली की गंज गोलाई, भुसार लाईन, कापड लाईन असं करत दुपारपर्यंत गावात, आणि दुपारनंतर औशाच्या बाजूला हायवेलगतची गावं. गोलाईला सोळा रस्ते येऊन मिळतात, तिथं कोण कुठून येईल ते मधल्या देवीलाच माहीत, पण तिथं सगळे हळू असतात त्यामुळं तिथल्यासाठी मला नवा हॉर्न नकोच होता. पाहिजे होता तो औसा रोडला. गाव मागं पडलं की एसटी, टेम्पो, मुरुमाचे हायवा आणि सीझनला ऊसाचे ट्रॅक्टर, आणि यातल्या एकालाही स्कूटरचा 'पीं' ऐकू येत नाही. आणि ऐकू आला तरी हलत नाहीत, ही खरी गोष्ट आहे.

याचं कारण मला आमच्या गल्लीतल्या एका एसटी ड्रायव्हर काकांनी सांगितलं. ते म्हणाले की आम्ही आरशात बघायच्या आधी कानानं ठरवतो मागं काय आहे. बारीक आवाज आला म्हणजे टू व्हीलर, ती जाईल आपली कडेनं. जाडा आवाज आला म्हणजे कार किंवा मोठी गाडी, मग आरशात बघणं भाग आहे. त्यामुळं नुसता कर्कश हॉर्न घेऊन उपयोग नाही, जाडा पाहिजे. आणि जाडा आवाज बंद काचेतून, एसी आणि गाणी चालू असलेल्या गाडीतसुद्धा जास्त शिरतो, बारीक आवाज काचेवरच अडकतो. लग्नाच्या मांडवात बेंजो वाजत असला की लांबून आधी ढोलच ऐकू येतो ते त्याच कारणानं. मला हे पटलं, त्यामुळं मी दुकानात गेल्यावर 'सगळ्यात मोठा कुठला' असं विचारलंच नाही, 'लो टोन आणि हाय टोनची जोडी दाखवा' म्हणाले.

शंख हॉर्न म्हणजे काय ते ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. कुठल्याही इलेक्ट्रिक हॉर्नमधी एक कॉइल असते, एक पातळ पडदा असतो आणि एक पॉइंट असतो. करंट आला की कॉइल पडद्याला ओढते, ओढला की पॉइंट सुटतो, करंट तुटतो, पडदा मागं येतो, की परत करंट. हे सेकंदाला काही शे वेळा होतं आणि तोच आपला आवाज. चकतीच्या हॉर्नमधी हा आवाज तसाच बाहेर येतो, शंखामधी तो गोल गोल नळीतून फिरून येतो म्हणून गोड आणि भरीव लागतो. कारला असतो तोच. एकाचा सूर खालचा, एकाचा वरचा, दोन्ही एकदम वाजले की कारसारखा आवाज.

आता दुकानांचं. पहिल्यांदा गेले ते ॲक्सेसरीजच्या एका दुकानात, नाव नाही घेत. तिथला मुलगा पहिलं वाक्य बोलला, "मॅडम तुम्हाला कशाला एवढा मोठा, लेडीजसाठी म्युझिकल येतो ना." मग त्यानं वाजवून दाखवला, त्यात एका बटणावर दहा-बारा आवाज, ॲम्ब्युलन्ससारखा, कुत्र्यासारखा, बाळ रडल्यासारखा. मी म्हणाले हे नको. मग शंखाची जोडी काढली आणि म्हणाला डायरेक्ट टाकून देतो, जुन्या हॉर्नच्याच वायरला, दहा मिनिटं लागतील. रिलेचं विचारलं तर म्हणाला स्कूटरला रिले लागत नाही, तो कारला लागतो. मी तिथून निघाले कारण हे मला माहीत होतं की लागतो, माझ्या दिराची स्वतःची गाडी अशाच डायरेक्ट फिटिंगनं एकदा भर रस्त्यात बंद पडलेली.

ते सूर बदलणारे हॉर्न घेऊच नका, ते बसवणंच बेकायदेशीर आहे. केंद्रीय मोटार वाहन नियम १९८९ मधला ११९ वा नियम आहे, त्यात एकापाठोपाठ वेगवेगळे सूर काढणारा हॉर्न चालत नाही, आणि कर्कश, दचकवणारा आवाज काढणारं दुसरं काही लावलेलंही चालत नाही. त्यात ट्रकचे प्रेशर हॉर्न पण येतात, तरी ते औसा रोडला दिवसभर वाजतात तो वेगळा विषय. गडकरी साहेब २०२१ ला नाशिकला म्हणाले होते की हॉर्नमधी बासरी, तबला, व्हायोलिन, हार्मोनियम असे आपल्या वाद्यांचे आवाज आणायचा कायदा करायचा विचार आहे. तसं झालं तर गोलाईत रोज संध्याकाळी फुकट मैफल. तोपर्यंत जोडी एकाच वेळी एकच आवाज काढणारी पाहिजे आणि डब्यावर आय एस १८८४ असं लिहिलेलं पाहिजे, हॉर्नचं मानक ते आहे. लोकल डब्यावर ते नसतं, नुसतं 'सुपर लाऊड' लिहिलेलं असतं आणि सिंहाचा फोटो.

मग मी हॉर्नची जोडी एका स्पेअर पार्टच्या दुकानातून वेगळी घेतली, ५५० ला, आणि बसवायला गेले रेणापूर नाक्याकडं एका ऑटो इलेक्ट्रिशियनकडं. या दुकानाला पाटी नाही. एक शटर, बाहेर लिंबाचं झाड, झाडाखाली दोन-तीन ऑटो उघडून ठेवलेले, आणि सगळे त्यांना मिस्त्रीच म्हणतात. ऑटोरिक्षावाले तिथं का जातात ते मला बसल्या बसल्याच कळलं, माणूस बोलतो कमी आणि मोजतो जास्त.

पहिल्यांदा नवीन हॉर्नच्या डब्याला हातच लावला नाही. म्हणाले, "ताई, आवाज बारीक का येलालाय ते बघू आधी." मीटर काढला, फूटबोर्डखालची बॅटरी उघडली, लाल-काळी पिन लावली, १२.६ व्होल्ट. म्हणजे बॅटरी चांगली. मग पुढचं कव्हर काढून जुन्या हॉर्नच्या दोन टोकांना पिना लावल्या आणि मला बटण दाबायला सांगितलं. १०.४. म्हणजे बॅटरीतून निघालेल्या १२.६ मधले दोन व्होल्टच्या वर रस्त्यातच गायब, किल्लीचं कुलूप, बटण, कपलर म्हणजे वायरीचा जोड, अर्थिंग, सगळीकडं थोडं थोडं. मी म्हणाले मग हाच जुना हॉर्न नीट होईल का. हो म्हणाले, अर्थिंगचा गंज घासला आणि मागचा स्क्रू थोडा फिरवला तर बराच सुधरेल, बघायचं का? आणि खरंच करून दाखवलं. सॅण्डपेपरनं टर्मिनल घासलं, हॉर्नच्या मागं लाखेनं बंद केलेला एक बारीक स्क्रू असतो तो पाव फेराच फिरवला, परत बटण दाबायला लावलं, परत थोडा उलटा. आवाज चांगला मोकळा झाला. फुकट! म्हणाले गावातल्या गावात फिरत असाल तर एवढं बास आहे, नवीन नका लावू. जो माणूस स्वतःचं गिऱ्हाईक असं परत पाठवायला तयार आहे त्याच्याकडं काम द्यायला मला काही अडचण नव्हती. मी म्हणाले हायवेला जाते, लावा.

हे मुद्दाम लिहिलंय कारण बऱ्याच जणांना नवीन हॉर्नची गरजच नसते. गाडी तीन-चार पावसाळे बाहेर उभी असली की आवाज बसतोच. आधी हे करून बघा, मजुरी फार तर पन्नास रुपये.

आता रिले. रिले ही काडेपेटीपेक्षा थोडी छोटी काळी डबी असते, खाली चार पिना, त्यावर ३०, ८५, ८६, ८७ असे नंबर छापलेले. काम सोपं आहे. स्कूटरचा ओरिजिनल हॉर्न दोन-अडीच अँपिअर खातो, बटण आणि वायर तेवढ्याच हिशोबानं दिलेली असते. शंखाची जोडी त्याच्या चारपट-पाचपट खाते. ती डायरेक्ट जोडली की एक तर आवाजच पडतो कारण बारीक वायरीत व्होल्टेज पडतं, म्हणजे मोठा हॉर्न घेऊनही छोटाच आवाज, दुसरं बटणाच्या आतले पॉइंट जळतात, आणि तिसरं मेन फ्यूज उडतो. स्कूटरचा मेन फ्यूज छोटाच असतो, तो गेला की सेल्फ, इंडिकेटर सगळं गेलं आणि इंजेक्शनवाली गाडी जागेवर उभी राहू शकते. २०१७ पासून टू व्हीलरचा हेडलाईट दिवसा पण चालूच राहतो, बंद करायचं बटणच काढून टाकलंय, त्यामुळं गाडीवर लोड आधीच आहे. रिले लावली की बटणातून जातो तो अगदी बारीक करंट, नुसता रिलेला जागं करण्यापुरता, आणि हॉर्नचा खरा करंट बॅटरीतून जाड वायरीनं थेट जातो. आमच्या पतसंस्थेतही हेच आहे, मॅनेजरनं सही करायची आणि पैसे कॅशियरनं तिजोरीतून द्यायचे, मॅनेजरच्या खिशातून कोणी देत नाही.

मिस्त्रींनी जोडणी अशी केली. जुन्या हॉर्नला ज्या दोन वायरी येत होत्या त्या दोन्ही रिलेच्या ८५ आणि ८६ ला. कापल्या नाहीत, तशाच पिना लावून खोचल्या, त्यामुळं उद्या काढायचं म्हटलं तर जुना हॉर्न परत पाच मिनिटात लागतो आणि सर्व्हिस सेंटरवाल्यांना 'वायर कापली, आता वॉरंटी नाही' म्हणायला जागा राहत नाही. वॉरंटीतली गाडी असंल त्यांनी हे नीट लक्षात ठेवा, ओरिजिनल वायरिंगला ब्लेड लावू देऊ नका. ३० नंबरला बॅटरीच्या प्लसवरून जाड वायर, आणि त्या वायरीत बॅटरीपासून वीतभर अंतरावरच १५ अँपिअरचा फ्यूज. ८७ वरून दोन्ही हॉर्नला. हॉर्नचा मायनस परत बॅटरीच्या मायनसला, चेसीला नाही. मी विचारलं चेसीला का नाही, सगळे तर तिथंच देतात. म्हणाले, "चेसीला रंग आहे, रंगाखाली गंज आहे, पावसाळ्यात परत याल ताई." वायर फूटबोर्डखालून नेताना त्यावर काळी जाळीची नळी चढवली, आणि रिले पिना खाली करून बांधली, म्हणजे पाणी गेलं तरी आत थांबत नाही.

सगळं झाल्यावर परत मीटर लावला. बटण दाबून हॉर्नजवळ ११.९. जिथं आधी एका छोट्या हॉर्नला १०.४ होतं तिथं दोन मोठ्यांना ११.९. मला तिथंच पैसे वसूल झाल्यासारखं वाटलं, आवाज तर अजून बाहेर रस्त्यावर ऐकायचा होता.

जास्त वेळ मात्र वायरिंगला गेला नाही, जागेला गेला. स्कूटरच्या पुढच्या कव्हरमागं जागा असते केवढी. एक शंख जुन्या हॉर्नच्या जागी आला, दुसऱ्याला जागाच नाही. डावीकडं लावला तर हँडल पूर्ण वळवलं की केबलला घासतो, उजवीकडं लावला तर कव्हरला आतून टेकतो. आणि हॉर्न कशालाही टेकला की त्याचा सूर मरतो, फाटक्या आवाजात खरखर करतो, त्याला पत्तीवर मोकळं लटकूनच ठेवावं लागतं. शेवटी मिस्त्रींनी लोखंडी पट्टीची वाकडी पत्ती तयार केली आणि उजव्या बाजूला थोडा खाली घेतला. मग हँडल दोन्हीकडं पूर्ण वळवून बघितलं, आणि दुकानातल्या पोराला पुढचा ब्रेक दाबून गाडी दोनदा जोरात खाली दाबायला लावली, कारण शॉकअप दबला की मडगार्ड वर येतं आणि तेव्हा हॉर्नला लागू शकतं. ही टेस्ट तुम्ही पण करून घ्या, बरेच जण नुसतं हँडल फिरवून सोडून देतात आणि मग पहिल्याच स्पीड ब्रेकरला खट् आवाज येतो. शंखाची तोंडं दोन्ही पुढं आणि खाली. वरच्या बाजूला तोंड ठेवलं तर शंख म्हणजे पाण्याचा तांब्याच, पहिल्याच पावसात बुडबुड.

खर्च: हॉर्न ५५०, रिले आणि सॉकेट १५०, वायर-फ्यूज-नळी ८०, मजुरी २५०. एकूण १०३०. मजुरीत मी घासाघीस केली नाही, ज्या हिशोबानं काम केलं त्या हिशोबानं कमीच घेतले.

आवाजाबद्दल. डब्यावर ११८ डेसिबल लिहिलंय. हा आकडा हॉर्नपासून दोन मीटरवर मोजायचा असतो. अंतर दुप्पट झालं की मोकळ्या जागेत साधारण सहा डेसिबल कमी होतात, म्हणजे सात मीटरवर १०७ च्या आसपास, चौदा मीटरवर १०१, अठ्ठावीस मीटरवर ९५. आणि हे कव्हरच्या आत नसताना. स्पेअर पार्टवाला म्हणत होता की दोन घेतले की आवाज डबल. तसं काही नसतं, दोन सारखे हॉर्न लावले तर तीन डेसिबल वाढतात फक्त, आणि कानाला दुप्पट वाटायला दहाच्या आसपास वाढावे लागतात. जोडीचा फायदा आवाज वाढण्यात नाही, दोन सूर मिळून कारसारखा वाटण्यात आहे. मोबाईलच्या ॲपवर मोजून स्क्रीनशॉट टाकणाऱ्यांकडं लक्ष देऊ नका, एवढ्या आवाजाला मोबाईलचा माईक कधीच हात टेकतो.

औसा रोडला फरक पहिल्या दिवशीच कळला. पुढं एक पिकअप मधोमध चाललेली, मी लांबूनच एकदा, छोटाच, दाबला आणि ती डावीकडं झाली. बस्स. पिकअपवाल्यानं मी शेजारून जाताना आरशात बघून परत वळून बघितलं, त्याला कार दिसायची होती, निघाली स्कूटर आणि त्यावर सनकोट, स्कार्फ घातलेली बाई. असं आता सारखं होतं. एसटीवाले पण बाजू देतात, निदान लक्षात तरी घेतात. कुत्री उठतात. म्हशी उठत नाहीत, त्यांना कुठलाच हॉर्न नाही.

ऊसाच्या ट्रॅक्टरला मात्र उपयोग शून्य. दोन ट्रॉल्या, पुढं ड्रायव्हरच्या डोक्यावर दोन मोठे स्पीकर, त्यावर फुल गाणी, स्वतःच्या इंजिनाचा आवाज त्याला ऐकू येत नाही तर माझा कुठून येणार. रात्री मागच्या ट्रॉलीला लाल पट्टी नसती तर तो दिसतही नाही. तिथं एकच उपाय, मागं थांबा, समोर मोकळं दिसलं तरच जा. ११८ चा असो नाही तर १३० चा. मला एक जण म्हणाला कॉम्प्रेसरवाला एअर हॉर्न लाव, ट्रॅक्टर काय मालगाडी पण थांबेल. स्कूटरची बॅटरी तीन-चार-पाच अँपिअर अवरची असते, तो कॉम्प्रेसर एकटाच पंधरा-वीस अँपिअर ओढतो, आणि नियमातही बसत नाही. नको.

गावात उलट त्रासच झाला. गोलाईत समोरचा माणूस हातभर अंतरावर असतो, तिथं शंख वाजवला की माणूस दचकून दुसऱ्याच गाडीखाली जायचा. कापड लाईनमधी एक आजोबा केवढे दचकले, हातातली पिशवी खाली, मला उतरून बटाटे गोळा करून द्यावे लागले आणि वर त्यांनी जे सुनावलं ते इथं लिहिता येत नाही. तेव्हापासून बाजारात मी हॉर्नला हातच लावत नाही, पाय टेकवत टेकवत जाते आणि 'सरका ओ दादा' म्हणते, ते जास्त चालतं. मिस्त्रींना विचारलं तर ते म्हणाले एक छोटं टॉगल बटण टाकून देतो, गावात जुना हॉर्न, हायवेला नवा. जुना हॉर्न बसवायला आता जागा कुठाय, म्हणून ते राहिलंय. पण ज्यांची गाडी मोठी आहे, मोटरसायकल आहे, त्यांनी हे पहिल्यांदाच करून घ्या, फार कामाचं आहे.

आणि ट्यूशन एरिया. तिथं सकाळ-संध्याकाळ सायकलवरची, स्कुटीवरची पोरं एवढी असतात की मोठा हॉर्न वाजवून काही होत नाही, वाजवूही नये. सरकारी दवाखान्यासमोरून जाताना तर नाहीच. दवाखाना, शाळा, कोर्ट यांच्याभोवती शंभर मीटर शांतता क्षेत्र धरतात, २००० सालच्या ध्वनिप्रदूषणाच्या नियमांत आहे, आणि रात्री दहा ते सकाळी सहा वस्तीत पण हॉर्न नाही, जिवावर बेतलं असंल तरच. २०१९ ला कायदा बदलला तेव्हा १९४ एफ कलम आलं, विनाकारण किंवा सारखा हॉर्न वाजवला, किंवा बंदी असलेल्या जागी वाजवला तर पहिल्यांदा हजार, परत सापडलात तर दोन हजार. आवाजाच्या मर्यादेचंच उल्लंघन असंल तर वेगळं कलम, १९० चं पोटकलम दोन, त्यात दहा हजारांपर्यंत दंड आहे आणि लायसन तीन महिने जाऊ शकतं. म्हणून म्हणते जोडी मानकातली घ्या.

तक्रारी पण लिहिते, नुसतं कौतुक नको. पहिली, रात्री गाडी आयडलिंगला असताना हॉर्न दाबला की हेडलाईट क्षणभर मंद होतो. मिस्त्री म्हणाले नॉर्मल आहे, ॲक्सिलेटर दिलेला असला की होत नाही, आणि खरंच होत नाही, पण बघायला बरं वाटत नाही. सिग्नलला उभं राहून सारखा वाजवायची सवय असंल तर बॅटरी उतरेल, सेल्फ सकाळी रडेल. दुसरी, थेट बॅटरीवरून वायर असली तरी रिलेला जाग कुलपातूनच येते त्यामुळं किल्ली काढल्यावर हॉर्न वाजत नाही, हे चांगलंच आहे, काही जण डायरेक्ट बॅटरीवरून बटण देतात आणि मग गल्लीतली पोरं उभ्या गाडीचा हॉर्न वाजवून पळतात. म्हणजे ही तक्रार नाहीच झाली, असो. तिसरी खरी तक्रार, पुढचं कव्हर परत बसवताना त्याचं एक लॉक नीट बसलं नाही. साठच्या पुढं गेलं की बारीक खडखड येते. दाखवायला गेले तेव्हा मिस्त्री गावाला गेलेले आणि पोरगा म्हणाला डबल टेप लावून देतो, मी नको म्हणाले.

पावसाळ्याबद्दल, पुढच्या चाकाचा चिखल उडून उजव्या शंखाच्या तोंडात बसतो कारण तो खाली घेतलाय. काळ्या मातीचा चिखल वाळला की सिमेंट होतो, आवाज घोगरा झाला तर आधी तिथं बघा. पाण्याचा प्रेशर पाईप शंखात मारू देऊ नका, वॉशिंगवाल्याला सांगून ठेवा, ओल्या फडक्यानं काढायचं आणि दोन-चार वेळा वाजवून पाणी बाहेर टाकायचं. रिलेच्या पिनांना वर्षातून एकदा बघायचं, हिरवट दिसल्या तर घासायच्या.

इलेक्ट्रिक स्कूटरवाल्यांनी हे सगळं वाचून लगेच जोडी आणू नका. त्यात हॉर्न-लाईटचे १२ व्होल्ट मोठ्या बॅटरीतून कन्व्हर्टरनं येतात आणि तो कन्व्हर्टर ठराविकच अँपिअर देतो, त्यावर शंखाची जोडी टाकली तर तो बंद पडू शकतो आणि मग लाईट, डिस्प्ले सगळंच. माझ्या जावेची आहे, तिला मिस्त्रींनी सरळ नाही म्हणून सांगितलं. एकच चकतीचा चांगला हॉर्न, तोही ओरिजिनलएवढेच अँपिअर खाणारा, एवढंच करता येतं म्हणाले.

मार्क द्यायचे तर फिटिंगला दहापैकी नऊ, एक त्या कव्हरच्या लॉकचा कापला. हॉर्नला आठ. रोज गोलाईतच फिरणाऱ्यानं घ्यायचा विचार करत असंल तर दोन, जुनाच घासून घ्या. दुकान विचारत असाल तर रेणापूर नाक्यावर कुठल्याही ऑटोवाल्याला 'मिस्त्री कुठं बसतात' विचारा, दाखवतात. सकाळी लवकर जा, अकरानंतर ऑटोवाल्यांची रांग लागते आणि मग ते म्हणतात ताई उद्या या. मी पण उद्या सकाळीच जाणार आहे, त्या लॉकसाठी.